क्यूची कांडी आणि पांढऱ्या चेंडूची वाट
(नभोवाणीवरील भाषण)

नाचतां येईना अंगण वांकडें, ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. स्वतःचें उणें हत्यारावर ढकलणाऱ्या माणसाला ती ऐकविली जाते, आणि बहुतेक वेळां तें योग्यच असतें. परंतु एक खेळ असा आहे कीं, त्यांत अंगण खरोखरच थोडेंसें वांकडें असतें, आणि तें किती वांकडें आहे हें मोजतांही येतें. तो खेळ म्हणजे पूल. सहा खिशांच्या टेबलावर, बनातीवरून, लांब काठीनें पांढरा चेंडू मारून त्याच्या धक्क्यानें इतर चेंडू खिशांत घालावयाचे, असा हा बिलियर्ड्सच्या कुळांतला खेळ. तो मुख्यतः अमेरिकेंत वाढला. पण त्याचें कूळ आपणांस परकें नाहीं. याच कुळांतला स्नूकर १८७५ सालीं जबलपूर येथें नेव्हिल चेंबरलेन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यानें सुरू केला, असें त्या खेळाचा इतिहास सांगतो. पुण्यांत जन्मलेले विल्सन जोन्स हे तर १९५८ सालीं हौशी खेळाडूंच्या बिलियर्ड्समध्यें जगज्जेते झाले.

आजकाल आपल्या शहरांतूनही पुलाचीं टेबलें पुष्कळ दिसतात. कॉलेजांत जाणारा मुलगा किंवा पुतण्या एखाद्या दिवशीं घरीं येऊन सांगतो, "मला कमी विचलनाची कांडी हवी." तिची किंमत ऐकून वडील माणसें चमकतात. ही मागणी म्हणजे नुसती हौस, कीं तिच्यांत कांहीं तथ्य आहे? आणि तथ्य असेल तर कांडी निवडावी कशी? आजच्या भाषणांत एवढ्याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

प्रथम या काठीची ओळख करून घेऊं. तिला क्यू म्हणतात. क्यू बहुधा दोन तुकड्यांचा असतो. मागचा जाड व वजनदार भाग तो बट. पुढचा निमुळता भाग तो शाफ्ट. या शाफ्टलाच आपण कांडी म्हणूं. दोन्ही भाग मध्यें मळसूत्रानें जोडलेले असतात. कांडीच्या टोंकाशीं फेरूल नांवाची एक लहानशी टोपी बसविलेली असते, आणि तिच्यावर चामड्याची टिप चिकटविलेली असते. संबंध क्यूची लांबी सुमारें ५८ इंच, वजन बहुधा १८ ते २१ औंस, आणि टिपेची रुंदी साधारणपणें १२ ते १३ मिलिमीटर. चेंडूचा व्यास सवादोन इंच, म्हणजे ५७ मिलिमीटरांहून किंचित् अधिक, आणि वजन साडेपांच ते सहा औंस.

चेंडूच्या बरोबर मध्यावर टिप लागली तर चेंडू क्यूच्या रेषेंत सरळ जातो. परंतु पुलांत एक चेंडू खिशांत घालून भागत नाहीं. पुढच्या फटक्यासाठीं पांढरा चेंडू सोयीच्या जागीं येऊन थांबला पाहिजे. म्हणून खेळाडू मध्याच्या डाव्या किंवा उजव्या अंगाला टिप लावून चेंडूला बाजूची फिरकी देतो. अशी फिरकी मिळालेला चेंडू टेबलाच्या गादीवर आपटला, कीं निराळ्या कोनानें परततो. ही विद्या चामड्याच्या टिपेमुळें बहरली. ती टिप फ्रांस्वा मिंगो नांवाच्या फ्रेंच खेळाडूनें एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं प्रचारांत आणली. टिप चेंडूवरून घसरूं नये म्हणून आज जो खडू वापरतात, त्या जातीच्या खडूचें पेटंट १८९७ सालीं अमेरिकेंत स्पिंक्स व हॉस्किन्स या दोघांनीं घेतलें. या खेळांतील चेंडूंच्या गतीचें गणित तर कोरिओलिस या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८३५ सालींच पुस्तकरूपानें मांडलें होतें.

परंतु या फिरकीवर एक कर द्यावा लागतो. उजव्या अंगाला मारलेला चेंडू क्यूच्या रेषेंत न जातां किंचित् डावीकडे फांकतो. डाव्या अंगाला मारलेला उजवीकडे फांकतो. यालाच विचलन म्हणावयाचें. हा हाताचा दोष नव्हे; निर्दोष हातानें मारलेला चेंडूही फांकतोच. मध्यापासून त्रिज्येच्या निम्म्यापर्यंत टिप लावतां येते. त्यापलीकडे ती घसरते. तेथवर मारल्यास साध्या कांडीचें विचलन तीन अंशांच्या आसपास जाऊं शकतें. आतां एक अंश म्हणजे एका मीटरावर सुमारें साडेसतरा मिलिमीटर. तेव्हां तीन अंश म्हणजे बावन्न मिलिमीटर, जवळजवळ एका चेंडूएवढें अंतर! टेबलाच्या अर्ध्या लांबीच्या आंतच चेंडू एवढा बाजूला जात असेल, तर ज्याला हें ठाऊक नाहीं त्याचा नेम कसा लागावा?

असें कां होतें? टिप चेंडूला स्पर्श करते तो काळ सेकंदाच्या सुमारें हजाराव्या भागाएवढा असतो. परंतु तेवढ्यांतच चेंडू फिरूं लागतो. उजव्या अंगाला टिप लागली असेल, तर फिरणारा चेंडू आपल्या पृष्ठभागाबरोबर टिपेलाही उजवीकडे ओढून नेतो. टिप उजवीकडे ढकलली गेली, म्हणजे तिच्या उलट ढकलण्यानें चेंडू डावीकडे सरकतो. तळ्याच्या कांठाशीं लागलेल्या होडींतून माणूस कांठावर उडी मारतो, तेव्हां होडी मागें सरते, हें आपण पाहिलें आहे. उडीचा वेग तोच ठेवला, तर जड माणसाच्या उडीनें होडी अधिक मागें जाते. लहान मुलाच्या उडीनें थोडीशीच हलते. येथें चेंडू ही होडी, आणि कांडीचें टोंक हा उडी मारणारा. टोंक जितकें जड, तितका चेंडू अधिक फांकणार. या सर्व विषयाचें बीज या एका वाक्यांत आहे.

कोणी विचारील, "टोंकच कां? सबंध क्यूचें वजन कां नाहीं?" याचें कारण काळाचें आहे. टोंकाला बसलेला आडवा धक्का कांडींतून मागें मागें जातो. पण त्या हजाराव्या भागांत तो फार दूर पोहोंचूं शकत नाहीं. म्हणून टोंकाकडचे जेमतेम सहा-आठ इंच या व्यवहारांत भाग घेतात. बाकीच्या क्यूला फटका झाल्याची जणूं वार्ताच उशिरा पोहोंचते. रॉन शेपर्ड यांनीं २००१ सालच्या आपल्या निबंधांत हा विचार गणितानें मांडला. पुढें कोलोराडो स्टेट युनिव्हर्सिटींतील यंत्रशास्त्राचे प्राध्यापक डेव्हिड अल्सिआटोरे यांनीं कांडीला जादा वजन निरनिराळ्या अंतरांवर जोडून प्रयोग केले. वजन टोंकाजवळ असलें कीं विचलन वाढतें, आणि तें मागें नेलें कीं त्याचा परिणाम ओसरत जातो, असें त्यांत दिसून आलें.

या ठिकाणीं एक प्रचलित गैरसमज दूर करावयास हवा. कांडी लवचिक असली म्हणजे विचलन कमी, आणि ताठ असली म्हणजे जास्त, असें पुष्कळ खेळाडू सांगतात. कांडी हातांत घेऊन वांकवून पाहणारे गिऱ्हाईक दुकानांत नेहमीं दिसतें. ताठपणाचा संबंध अगदींच नाहीं असें नव्हे. पण मुख्य कारभार वजनाचा आहे. याचा पुरावा कार्बन फायबरच्या कांड्या. त्या लांकडाहून ताठ असतात, तरीही त्यांचें विचलन कमी असतें. कारण त्या पोकळ असतात व त्यांचें टोंक हलकें असतें. म्हणून कांडी वांकवून पाहण्यांत अर्थ नाहीं. तिच्या शेवटच्या सहा-आठ इंचांत वजन किती आहे, एवढेंच विचारावें.

कारागिरांनीं हें वजन कसें घटविलें, तेंही पाहण्यासारखें आहे. १९९० नंतरच्या दशकांत प्रेडेटर या अमेरिकन कंपनीनें 'आयर्न विली' नांवाचें, एकसारखे फटके मारणारें यंत्र वापरून कांड्यांचें विचलन मोजलें, आणि कमी विचलनाच्या कांड्या बाजारांत आणल्या. मेपलच्या अनेक फांकी एकत्र चिकटवून कांडी करावयाची, तिच्या टोंकाकडचा भाग आंतून कोरून पोकळ करावयाचा, आणि फेरूल आखूड व हलकें बसवावयाचें, अशी ती रीत. टोंकाची रुंदी कमी केली तरी वजन घटतें. पुढें इतर कारखान्यांनींही या वाटेनें पाऊल टाकलें, आणि २०१६ च्या सुमारास कार्बन फायबरच्या कांड्यांचा प्रसार होऊं लागला. विल्सन जोन्स यांच्या काळीं बाजारांत अशी सोय नव्हती, हें मुद्दाम ध्यानांत ठेवावें. त्या पिढीच्या खेळाडूंनीं विचलन काठींतून काढलें नाहीं. त्यांनीं तें हातानें ओळखलें व नेमांत धरलें.

आतां निवडीकडे वळूं. पहिली गोष्ट ही कीं, कमी विचलन म्हणजे शून्य विचलन नव्हे. तीन अंशांचे दोन अंश झाले, तर एका मीटरावर बावन्नऐवजीं पस्तीस मिलिमीटर उरतात. चूक घटली, परंतु नाहींशी झाली नाहीं. नेमांत सुधारणा करावी लागणारच. जाहिरातींतील 'कमी' या शब्दाला जो 'मुळींच नाहीं' असें वाचतो, त्याचे पैसे वायां जातात.

दुसरी गोष्ट, फटक्याच्या जोराची. चेंडू जोरानें मारा कीं हळू मारा, फांकण्याचा कोन जवळजवळ तोच राहतो. परंतु क्यू पूर्णपणें आडवा धरतां येत नाहीं. त्याची मागची बाजू थोडी उचललेली असते. त्यामुळें फिरकी घेतलेला चेंडू बनातीवरून जातांना हळूहळू उलट बाजूला वळतो. म्हणजे उजव्या अंगाला मारलेला चेंडू आधीं डावीकडे फांकतो, आणि मग उजवीकडे वळूं लागतो. हळू फटक्यांत हें वळण लवकर घडतें, जोराच्या फटक्यांत उशिरा. जड टोंकाच्या कांडीनें हळू मारलेल्या चेंडूंत फांकणें व वळणें एकमेकांस बरेंचसें फेडतात. हलक्या कांडीनें फांकणें घटतें, पण वळणें तसेंच राहतें. मग तोच हळू फटका उजवीकडे चुकतो. नवी कांडी घेतलेले खेळाडू गोंधळतात, ते येथें.

तिसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे, पण माझ्या मतें सर्वांत महत्त्वाची आहे. क्यूला आधार देण्यासाठीं पुढचा हात टेबलावर टेकतात. त्याला ब्रिज म्हणतात. समजा, तुम्ही मध्यावर सरळ नेम धरला, आणि ब्रिज जागचा न हलवितां मागच्या हातानें टिप उजव्या अंगाला नेली. आतां क्यूचें तोंड किंचित् उजवीकडे वळलें. चेंडू मात्र डावीकडे फांकणार. हीं दोन्ही मापें सारखीं असतील, तर चेंडू मूळच्या रेषेंतच जाईल! ब्रिजपासून चेंडूपर्यंतच्या ज्या अंतरावर हा मेळ बसतो, तें त्या कांडीचें स्वाभाविक अंतर होय. साध्या मेपलच्या कांडींत तें बहुधा दहा इंचांच्या आसपास असतें. हलक्या कांडींत तें पंधरा इंचांकडे झुकतें.

याचा अर्थ असा. माणसाचा हात कितीही तयार असला, तरी फटक्याच्या क्षणीं तो नकळत थोडा बाजूला सरकतो. ब्रिजचें अंतर कांडीच्या स्वाभाविक अंतराएवढें असेल, तर ही नकळत झालेली चूक आपोआप भरून निघते. म्हणून जो आठ-नऊ इंचांवर हात टेकून खेळतो, त्याला फार हलकी कांडी सर्वच बाबतींत लाभेल असें नाहीं. आणि जो लांब हात टेकतो, त्याला ती खरोखरच मानवेल. तेव्हां 'सर्वांत कमी विचलनाची कांडी कोणती?' असें विचारूं नये. 'माझ्या हाताला कोणती जुळते?' असें विचारावें.

हें कसें ओळखावें? त्यासाठीं यंत्राची गरज नाहीं. टेबलाच्या एका टोंकाला पांढरा चेंडू ठेवा. त्याच्या बरोबर समोर, दोन मीटरांवरच्या गादीवर कागदाची पट्टी लावून तीवर सेंटिमीटरच्या खुणा करा. चेंडू पुसून स्वच्छ ठेवा व टिपेला खडू लावा, म्हणजे टिप नेमकी कोठें लागली याचा ठिपका चेंडूवर उमटेल. आतां क्यू सबंधच बाजूला सरकवून, समोरच्या खुणेच्या रेषेशीं समांतर धरून, शक्य तितका आडवा ठेवून, जोरदार फटका मारा. चेंडू खुणेपासून किती दूर गादीला लागतो, तें एका मित्रानें पाहावें. डाव्या अंगानें दहा व उजव्या अंगानें दहा फटके मारून सरासरी काढावी. दोन कांड्यांची तुलना करावयाची असेल, तर ठिपका दोन्ही वेळां मध्यापासून सारख्याच अंतरावर असला पाहिजे. नाहींतर ती तुलनाच नव्हे.

माझा एक जुना विद्यार्थी अकरा वर्षें पूल खेळतो. तो एका खाजगी कचेरींत नोकरीस आहे; वर्षभर थोडथोडे पैसे शिलकीस टाकून त्यानें कार्बनच्या कांडीपुरती रक्कम जमविली होती. क्लबाच्या सामन्याला पंधरा दिवस उरले असतां तो मजकडे आला.

"सर, या कांडीनें नेम बदलावाच लागत नाहीं म्हणे."

"अरे, म्हणे कोण? आधीं मोजून पाहूं."

मित्राची हलकी कांडी उसनी आणून आम्हीं वर सांगितलेला प्रयोग केला. त्याच्या जुन्या कांडीनें चेंडू सुमारें दहा सेंटिमीटर फांकत होता. उसन्या कांडीनें सुमारें सात. लाभ खरा होता, पण तो दहांतून तीनाचा होता. शिवाय त्याचा ब्रिज नऊ-दहा इंचांचा, म्हणजे जुन्या कांडीशीं अगदीं जुळणारा! मीं त्याला एवढेंच सांगितलें कीं, सामना जुन्या कांडीनें खेळ, आणि मग ठरव. सामन्यानंतर त्यानें शिलकीचा अर्धाच भाग खर्चून लांकडाची, हलक्या टोंकाची कांडी घेतली. पहिला महिना त्याला जड गेला. ज्यांना तो सहज हरवीत असे, त्यांच्याकडून तो हरूं लागला, आणि त्याचे सर्व चुकलेले फटके एकाच बाजूला पडत. त्याचा हात जुन्या विचलनाचा कर अजून भरीत होता. नव्या कांडीचा कर कमी होता, हें त्याला डोक्यानें समजलें होतें, पण हाताला समजावयाचें होतें. त्यानें ब्रिज दोन-तीन इंच मागें नेला, रोज अर्धा तास तोच एक फटका घोटला, आणि दुसरा महिना संपण्याच्या आंत त्याचा नेम ठिकाणावर आला. आतां लांबच्या फिरकीच्या फटक्यांत तो पूर्वीपेक्षां सरस आहे, असें तो म्हणतो, आणि पाहणाऱ्यालाही तें दिसतें.

खरेदीच्या वेळीं आणखी चार गोष्टी पाहाव्या. कांडीचें मळसूत्र आपल्या बटाशीं जुळतें कीं नाहीं, हें प्रथम पाहावें; तीं अनेक जातींचीं असतात. कांडी सरळ आहे कीं नाहीं, हें ती टेबलावर गडगडत सोडून व डोळ्याशीं धरून अशा दोन्ही रीतींनीं तपासावें. अरुंद टिपेनें नेमकी जागा साधतां येते, पण थोडी चूकही अधिक फिरकी देऊन जाते. ज्याचा हात अजून स्थिर नाहीं त्यानें फार अरुंद टोंक घेऊं नये. चवथी गोष्ट हवेची. लांकूड दमट हवेंत वांकूं शकतें, आणि मुंबईकोंकणचा पावसाळा लांकडाला सोशीत नाहीं. कार्बनच्या कांडीला ही भीति नाहीं. लांकडाची कांडी घ्यावयाची, तर ती पेटींत ठेवण्याची व भिंतीला टेकवून न ठेवण्याची शिस्तही बरोबर घ्यावी.

आणि जो आजच खेळूं लागला आहे त्याचें काय? त्याला यांतलें कांहींच नको. त्यानें पहिले कित्येक महिने चेंडूच्या मध्यावर टिप लावण्याचाच अभ्यास करावा. मध्यावर मारलेल्या चेंडूला विचलन नसतें, मग कांडी स्वस्त असो कीं महाग. क्लबाच्या भिंतीवरचे क्यू प्रत्येकीं निराळे असतात. आज एक व उद्यां दुसरा घेतला, तर हाताला कोणतेंच माप शिकतां येत नाहीं. म्हणून त्याला घेऊन द्यावयाचाच असेल, तर एक साधा, सरळ, स्वतःचा क्यू द्यावा. महाग कांडीहून कायम हातांत असलेली कांडी त्याचें अधिक हित करील.

श्रोतेहो, अंगण थोडें वांकडें असतें, हें आपण पाहिलें. तें कमी वांकडें करून मिळतें, हेंही पाहिलें. परंतु अगदीं सपाट अंगण कोणत्याही दुकानांत मिळत नाहीं. तेव्हां टोंकाचें वजन पाहून, आपल्या हाताचें अंतर मोजून, कांडी एकदां विचारपूर्वक निवडावी, आणि मग तिचें वांकडेपण हाताला पाठ होईपर्यंत ती बदलूं नये. उसन्या कांडीवर वीस फटके मारून पाहण्यास पैसे पडत नाहींत. मुलानें कांडीची किंमत सांगण्यापूर्वी ते वीस आंकडे कागदावर लिहून आणावे, एवढी अट घरच्या वडील माणसांनीं घालण्यास हरकत नाहीं.